हात धुवायला मागच्या दारी

बाई, तुमची कापडी पिशवी माझ्या टेबलावर आहे आणि मला तिची भीती वाटते.

तेराव्याला तुमच्या भाच्यानं ती माझ्या हातात दिली. "मावशी म्हणाली होती, ही चांदवडला द्यायची," असं म्हणून तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. चांदवड हे एका बाईचं नाव असू शकतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसावं. तुम्ही शिष्यवृत्तीच्या सगळ्या मुलींना गावाच्याच नावानं हाक मारायचात. काय सटाणा, ताप उतरला का? पेठ, तुझा निबंध कुठाय? माझं खरं नाव तुम्ही दोनदाच उच्चारलंत, एकदा गुणपत्रक देताना आणि एकदा माझ्या लग्नात.

पिशवीत यंदाचे अर्ज आहेत. तुमच्या अक्षरातलं एसटीचं वेळापत्रक आहे, त्यातल्या निम्म्या गाड्या आता बंद झाल्यात. आणि मिळाली तेव्हा तिच्यात चार घड्या घातलेला पांढरा नॅपकिनही होता. तो दिसला आणि मी पिशवीचे बंद पुन्हा बांधून टाकले.

उद्या गुरुवार. समितीची बैठक आहे. अध्यक्षांचा फोन येऊन गेला, "बाईंच्या जागी आता तुम्हीच. गृहभेटी तेवढ्या उरकून घ्या." उरकून! तुम्ही ऐकलं असतंत तर फोनवरच त्यांचा तास घेतला असता. मी मात्र "हो सर" म्हटलं. चाळिशीला आलेली, शाळेत दहा वर्षं मुलांना समुपदेशन करणारी बाई मी, आणि एका वाक्यानं मला पुन्हा तुमच्या केबिनच्या दाराबाहेर नेऊन उभं केलं.

त्या दाराबाहेर मी फार उभी राहिले आहे. तुम्हाला माहीत आहे किंवा नसेल. हे सगळं तुम्हाला सांगायचं राहिलं म्हणून तर लिहायला बसले.

बी.एड. होईपर्यंत सवलती मिळत गेल्या, मी शिकत गेले. एम.एड.ची फी अण्णांना, माझ्या वडिलांना, झेपणारी नव्हती. ते मार्केट यार्डात हमाल, आई खळ्यावर कांदा निवडायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. फॉर्मवर सही करायची म्हटली की अण्णा आधी हात पायजम्याला पुसायचे, मग पेन धरायचे. तशात महाविद्यालयाच्या फलकावर तुमच्या ट्रस्टची सूचना लागली: एम.एड.ला मार्गदर्शन व समुपदेशन हा विषय घेणाऱ्या गरजू मुलींसाठी शिष्यवृत्ती. फी, वसतिगृह, मेस, सगळं. मी ती तीन वेळा वाचली आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं. 'गरजू' हा शब्द वाचताना कोणी बघू नये असं वाटायचं ते वय.

फॉर्ममध्ये घरातल्या वस्तूंचा रकाना होता. दूरदर्शन संच, नाही. पंखा, नाही. वाहन, नाही. तीन वेळा 'नाही' लिहिलं. तळाशी बारीक अक्षरात होतं की माहिती खोटी आढळल्यास शिष्यवृत्ती रद्द होईल आणि दिलेली रक्कम परत घेतली जाईल. ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे.

मग तुमचं पोस्टकार्ड आलं, रविवारी सकाळी घरी येते म्हणून.

मी वसतिगृहातून शनिवारी संध्याकाळी घरी पोचले, तर दारात शेजारच्या यमुनामावशींच्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या. आत स्टुलावर त्यांचाच टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल. खिडकीत कुणाचा तरी टेबलफॅन. फडताळात काचेचे कप, ज्यांच्या किमतीचे कागद आई नखानं खरवडत बसली होती.

"हे काय केलंस, आई?"

"काय केलं? शहरातून बाई यायच्यात घर बघाया."

"अगं, त्या गरज बघायला येतायत! आपल्याकडं काही नाही हेच त्यांना दिसायला पाहिजे."

"तुला कळत नाय," आई म्हणाली. "काय नाय असं दिसलं तर त्या म्हणतील, ह्यांचे खायचे वांधे. उद्या पोरीचं लगीन लावून मोकळे होतील आन् आपला पैका पाण्यात. कोण बघाया येणार म्हणलं की घर कसं दिसाया पायजे ते मला नको शिकवू. तुझ्या दोन आत्या मी उजवल्यात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईच्या उभ्या आयुष्यात परकं माणूस घर बघायला येतं ते एकाच कारणासाठी. तिनं मुलगी दाखवायचा कार्यक्रम मांडला होता. सकाळी मला साडी नेसवली. पोह्यांचा ट्रे हातात दिला. अण्णांच्या अंगावर मामाचा सफारी चढवला, तो खांद्यात एवढा ताठ बसला होता की त्यांना हात वर करता येईना.

मी गयावया केली. वेळ उरला नव्हता. तुम्ही स्टँडपासून चालत आलातच.

टीव्ही आमचा म्हणावा तर फॉर्म खोटा. शेजारचा म्हणावा तर आई खोटी. मी ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. तुम्ही बशी घेतलीत आणि म्हणालात, "मुलगी पसंत आहे. पुढं बोलू या." आई खूश झाली. मला हसूही येईना.

आणि त्यात तात्या आले. यमुनामावशींचे सासरे. रविवार, त्यात मॅच. ते सरळ आत आले, टीव्हीसमोर मांडी घातली आणि म्हणाले, "माझा टीव्ही इकडं आलाय म्हणं? लाव गं पोरी."

आई म्हणाली, "तात्या, लाइट गेलीय."

"कुठं गेली? माझ्या घरी पंखा फिरतोय."

"आमच्या फेजची गेलीय."

"आरं, तुमच्या घरात एक तर बल्ब हाय, त्याला कसला आलाय फेज?"

टीव्हीची वायर रुमालाखालून निघून भिंतीपाशी नुसती पडली होती. आमच्या घरात प्लग लावायला जागाच नव्हती. तुम्ही त्या वायरीकडं बघितलंत. मी तुम्हाला बघताना बघितलं. मग तुम्ही तात्यांकडं वळून विचारलंत, "कोणाची मॅच आहे आज?" आणि ते पाच मिनिटं सांगत बसले. तेवढी पाच मिनिटं मी जिवंत होते असं म्हणता येणार नाही.

अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. तुम्ही म्हणालात, "बसा ना."

"नाय नाय, तुम्ही बसा. मला उभं राहायची सवय हाय."

पोहे झाले. तुम्ही म्हणालात, "हात धुवायचेत." मी तांब्या आणि परात घेऊन धावले. "नको, मी मागं जाते," म्हणत तुम्ही उठलात, आई तुमच्या मागं. पाणी पडल्याचा आवाज आला. थांबला. तुम्ही आला नाहीत. तात्या म्हणाले, "बाई मोरीत पडल्या का काय?" नंतर तुम्ही आलात, पांढऱ्या नॅपकिननं एकेक बोट पुसत. पिशवी उचललीत आणि मला एवढंच म्हणालात, "फॉर्मवर पिनकोड राहिलाय. लिहून पाठव."

शिष्यवृत्ती मिळाली. त्याचा आनंद किती दिवस टिकला सांगू? पहिल्या हप्त्याच्या सहीला तुम्ही केबिनमध्ये बोलावलंत तोपर्यंत. दाराबाहेर मी वाक्यं जुळवत उभी राहिले. तो टीव्ही आमचा नव्हता बाई. आईला समजलं नाही बाई. आत गेले तर तुम्ही म्हणालात, "काय चांदवड, जेवलीस का?" मला वाटलं, ही उलटतपासणीची सुरुवात आहे. मी सही केली आणि पळाले.

वर्षभर तसंच. मेसमध्ये एक मुलगी सहज म्हणाली, "तुमच्याकडं टीव्ही आहे ना? माझे काका म्हणत होते." तिचे काका चांदवडला होते आणि तिला शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. त्यानंतर महिनाभर मी निनावी पत्राची वाट बघितली. पोस्टमन महाविद्यालयाच्या आवारात शिरला की मला ग्रंथालयात जावंसं वाटायचं. अभ्यास खूप झाला त्या वर्षी, बाई. त्यातला निम्मा भीतीपोटी झाला हे आज कबूल करते.

एकदा धीर करून मी सुरुवात केली होती. "बाई, त्या दिवशी घरी..."

"पिनकोड पाठवलास ना?"

"हो."

"मग झालं."

झालं काय ते मला कळलं नाही. तुम्ही अहवालात काय लिहिलंत हे मी तुम्हाला पुढं किती वेळा विचारलं. "तुला काय करायचंय?" यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

तुमचा तास आठवतो. खडू बोटांत न धरता मुठीत धरायचात. "तुमच्याकडं मदत मागायला आलेला माणूस काय बोलतो ते नंतर ऐका. आधी तो कुठं बसतो ते बघा. कसा बसतो. मुळात बसतो का." मी ते वहीत लिहिलं, परीक्षेत लिहिलं, त्याला गुण मिळाले. शाळेत नोकरी लागल्यावर माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांना मी तसं बघतही गेले. एका ठिकाणी बघितलं नाही. तिकडंच मला यायचंय, आणि पेन जड झालंय.

तुम्ही मला समितीवर घेतलंत आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, गृहभेटी बंद करा. उत्पन्नाचा दाखला पुरे. बाहेरच्या माणसानं घरात येऊन भांडी मोजणं हा अपमान आहे. तुम्ही म्हणायचात, "दाखला तलाठ्याच्या हातचा. मुलगी तलाठ्याची नाही." अध्यक्ष हसायचे, मी चिडायची. एकदा पंचवटीत तुमच्या घरी, भाजी निवडता निवडता, मी बोलून गेले, "तुम्हाला लोकांच्या मोऱ्या बघायला आवडतं, बाई."

तुम्ही मेथीची काडी खाली ठेवलीत.

"हो," तुम्ही म्हणालात. "तिथं ऐकायला दुसरं कोणी नसतं."

मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. मी पर्स उचलून निघाले. त्या वाक्याची माफी मागायची होती. दर दिवाळीला ठरवायची, यंदा मागू.

मग तुमचे गुडघे गेले, आणि त्या वर्षी दिंडोरीची गृहभेट मी केली.

संगीता नाव. तुम्ही तिला अर्थातच दिंडोरी म्हणायचात. बी.एड.ला तुमच्या वर्गातली, हुशार, बोलायला कमी. द्राक्षबागेतून आत गेल्यावर बंगला. फरशी, सोफा, कोपऱ्यात फ्रिज. तिच्या वडिलांनी दारातूनच "या मॅडम, आत या" केलं, सोफ्यावर बसवलं, चहा आणवला, "तुमच्या कृपेनं सगळं ठीक आहे" म्हणाले. ती भिंतीला टेकून उभी होती. तेही उभे होते. मला पाचची बस गाठायची होती. मी बसमध्येच अहवाल लिहिला: आर्थिक गरज दिसत नाही.

खरं सांगते, लिहिताना मला थोडा रागही आला होता. माझी आई खुर्च्या मागून आणत होती, आणि ह्यांना सोफा असून शिष्यवृत्ती हवी.

तुम्ही तो कागद वाचलात आणि चष्मा काढून विचारलंत, "हात कुठं धुतलेस?"

"नाही धुतले. बस होती."

"पुन्हा एकदा जाऊन येतेस?"

"माझ्यावर विश्वास नसेल तर मला पाठवायचंच नव्हतं, बाई."

तुम्ही कागद फायलीत ठेवलात. यादी तशीच गेली.

वर्षभरानं ती मला सीबीएस स्टँडवर भेटली. हातात डबा, ओढणी घट्ट बांधलेली. तिनंच हाक मारली. "मॅडम, ओळखलं का? तुम्ही घरी आला होतात." मी विचारलं, एम.एड. कसं चाललंय. "नाही केलं. द्राक्षांच्या पॅकिंगला जाते." का, म्हणून मी विचारलं. बाई, मी विचारलं!

"पत्र आलं ना तुमचं. गरज दिसत नाही म्हणून. बरोबरच होतं तुमचं," ती म्हणाली, आणि आवाजात टोमणा नव्हता, तेच सोसवेना. "तो हॉल मालकांचा. मालक मुंबईला असतात, वडील राखण करतात. आम्ही मागं राहतो, पंपाच्या खोलीशेजारी. वडील म्हणाले, मॅडमना पंपापाशी कुठं बसवायचं?"

"अगं, मग तू का नाही बोललीस?"

"वडील बोलत होते ना."

तिची गाडी लागली. खिडकीतून तिनं हात केला. मी स्टँडवर उभी राहिले आणि मला त्या दुपारचं सगळं एकदम दिसलं. ते दोघं त्या सोफ्यावर एकदाही टेकले नव्हते. दुसऱ्याच्या बैठकीवर कोण बसतं? हे मला कळायला हवं होतं. नाशिक जिल्ह्यात एका माणसाला कळायला हवं होतं तर ते मला.

तुम्हाला सांगायचं म्हणून मी तिथून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून घरी परत गेले. मला भीती वाटली. तुम्ही रागावाल याची नव्हे, तुम्ही कधी रागावत नव्हतात. तुम्ही नुसतं "बरं" म्हणाल आणि नंतर मला गृहभेटीला पाठवणार नाही, याची. आज उद्या करत ते वर्ष गेलं, पुढचं गेलं. कोणी तिचं नाव काढू नये म्हणून मी बैठकीत भराभर विषय पुढं नेऊ लागले. शिकत असताना खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरायचे, तेव्हा निदान ते माझं खोटं नव्हतं.

दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा दुपार होती. नळ्या काढल्या होत्या, तुम्ही उशीला टेकून बसला होतात. शाळेचं विचारलंत, माझ्या मुलाचं विचारलंत. मग म्हणालात, "दिंडोरीची काही खबर?"

"नाही, बाई," मी म्हटलं. आणि तेवढ्यानं भागलं असतं, तरी पुढं जोडलं, "लग्न झालं असेल तिचं."

"बस ना," म्हणालात. "आल्यापासून उभी का?"

पलंगाशेजारी स्टूल होतं. मला घाई आहे असं सांगून मी निघाले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर मी चांदवडला गेले. आई ओट्यावर कांदे निवडत होती, आता घरच्यापुरतेच. तुम्ही गेल्याचं सांगितलं तर तिनं हातातला कांदा तसाच धरून ठेवला.

"लय गुणी बाई," म्हणाली. "त्यांनी माझी लाज राखली."

"कसली लाज?"

"अगं, त्या टीव्हीची. मोरीपाशी मीच सांगितलं त्यांना. हातावर पाणी घालताना मला रडूच आलं. म्हणलं, बाई, खुर्च्या आमच्या नाय, टीव्ही आमचा नाय, पोहे पण यमुनाच्या चुलीवर झाल्यात. पोरीच्या फॉर्मात जे लिव्हलंय तेच खरं हाय, तिला धरू नका."

"मग? बाई काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, माहिती आहे मला. तुमचे मालक खुर्चीवर बसलेच नाहीत. मी म्हणलं, आता तुम्ही काय लिव्हणार? तर म्हणल्या, जे मागं बघितलं ते लिहीन, पुढचं कशाला लिहू? आन् म्हणल्या, मुलीला हे सांगू नका. आईनं माझ्यासाठी एवढं केलं, असंच तिला वाटू द्या. आन् मग हात पुसता पुसता म्हणल्या, पोह्यात मीठ बरोबर पडलंय."

इतकी वर्षं, बाई. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला घाबरत आले ती तुम्ही दोघींनी तांब्याभर पाण्यात मिटवून टाकली होती आणि दोघीही गप्प राहिलात. मला खूप हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, सरक जरा, कांद्यानं डोळे झोंबतील. पण लगेच दुसरी भीती येऊन बसली, पहिलीपेक्षा मोठी. अण्णा बसले नाहीत एवढ्यावरून तुम्ही आमचं घर ओळखलंत. मग दवाखान्यात उभ्या राहिलेल्या मला तुम्ही काय ओळखलंत?

ते आता मला कधीच कळणार नाही. तुम्ही माझं खोटं घेऊन गेलात की खरं, हे कोणाला विचारू?

परवाच्या रविवारी मी पिशवी घेतली आणि दिंडोरीची गाडी पकडली. यंदाच्या अर्जांतलं एकही घर दिंडोरीत नव्हतं. बागेत फवारणी चालू होती, तोंडाला पदर लावून आत गेले. बंगल्याचं पुढचं दार बंद होतं. मी त्याच्याकडं न जाता वळसा घालून मागं गेले. वाटत होतं तिनं ओळखू नये. वाटत होतं घरात कोणी नसावं.

ती पंपापाशी भांडी घासत होती. उठून उभी राहिली. "मॅडम? तुम्ही इकडून?"

"हात धुवायचे होते," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं तांब्या उचलला आणि माझ्या हातांवर पाणी घातलं. मी खाली मान घालून म्हणाले, "संगीता, त्या वेळी मी चुकले. मी मागं आले नाही."

पाण्याची धार तशीच पडत राहिली. "आता काय त्याचं," ती म्हणाली. मग तांब्या खाली ठेवत, "बाई गेल्या असं ऐकलं."

मी तुमचा नॅपकिन काढला. तो तिनं ओळखला, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढून तिला दिला. पत्र्याची खोली, एक खाट, पिठाचा डबा, दोरीवर तिच्या वडिलांचा सदरा. पंपाची घरघर एवढी की एकमेकींचं बोलणं ऐकायला जवळ यावं लागत होतं. ह्या आवाजात ही बी.एड. झाली.

"पुन्हा फॉर्म भरायचा? आणि बघायला कोण येणार, तुम्हीच?"

"मी आत्ताच बघितलं."

"मग काय लिहिणार?"

मी उत्तर देईपर्यंत तिनं फॉर्म पिठाच्या डब्यावर ठेवला, वर वाटी ठेवली. "वडिलांना विचारते. मागच्या वेळी ते पत्र आलं ना, तेव्हा ते तीन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या मोठेपणापायी तुझं गेलं. पुन्हा नाही आलं तर मला त्यांचं बघवणार नाही, मॅडम."

मी तिला वचन देऊ शकले नाही. समितीत चौघं आहेत, मी एकटी काय देणार? "बुधवारपर्यंत कळव," म्हटलं. ती म्हणाली, "बघते."

आज बुधवार आहे. फोन आलेला नाही.

येईल का माहीत नाही. पण अर्ज आला काय, न आला काय, उद्या मला बैठकीत सांगायचं आहे की तो अहवाल चुकीचा होता, तो मी बसमध्ये लिहिला होता, आणि बाईंनी पुन्हा जायला सांगितलं तेव्हा मी गेले नाही. अध्यक्ष म्हणतील, जुनं कशाला उकरता? कोणी म्हणेल, मग ह्यांना गृहभेटी द्यायच्या तरी कशाला? ते खरंच आहे, आणि त्याचंच भय आहे. ह्या कामातून काढलं तर तुमच्याशी उरलेलं माझं शेवटचं नातंही जाईल. आणि नाही काढलं तर उद्यापासून कुठल्या तरी मुलीचं वर्ष माझ्या एका ओळीवर ठरेल, वर्षामागून वर्ष. ह्यातलं जास्त भयंकर काय, मला ठरवता येत नाही. तुम्हालाही अशी भीती वाटायची का, बाई? प्रत्येक घराच्या मागच्या दारी जाताना? हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. तुम्ही घाबरत असाल असं माझ्या मनात कधी आलंच नाही.

नॅपकिन धुऊन वाळत घातला आहे. तो उद्या पिशवीत ठेवीन.

समितीच्या खोलीत तुमची खुर्ची टेबलाच्या टोकाला आहे. शिपायानं पुसून ठेवली असेल. अध्यक्ष म्हणतील, "बसा, आता तुमचीच ती." मी नाही बसणार. सगळं सांगून होईपर्यंत मी तिच्या पाठीला धरून उभी राहीन, अण्णांसारखी. तिथल्या कोणाच्या ते लक्षात येणार नाही, बाई. तुमच्या आलं असतं.